मंदाचं नेमणूकपत्र

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी होते. तिच्या नवऱ्याचा आवाज मी आधी ओळखलाच नाही. कामावरच चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, दोन तासांत सगळं संपलं... असं तो तुटक तुटक सांगत होता. आणि मी रडायचं सोडून, त्याला धीर द्यायचं सोडून पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘आप्पांना सांगितलं का?’ आप्पा म्हणजे मंदाचे वडील. तो म्हणाला, सायखेड्याला माणूस पाठवलाय. पुढं तो काय बोलला ते मला आठवत नाही. बत्तिसावं वर्ष चालू होतं तिचं, मुलगी अजून पहिलीत आहे.

माझा स्वभाव मुळात काळजीचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की मी परत येऊन ते ओढून बघते. मंदा त्यावरून मला फार छळायची. ‘शैला, तुला एखाद्या दिवशी काळजी नसली, तर त्याचीच काळजी लागंल तुला,’ असं म्हणायची. आज तिला जाऊन सहा आठवडे झाले. तिच्यावर लिहायचं तर एक गोष्ट वगळून लिहिताच येत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट गेल्या अकरा वर्षांत आप्पांना कोणी सांगितलेली नाही. आप्पांच्या घरी हा पेपर येतो. स्वतः वाचता येत नाही आता, मोतीबिंदूने एक डोळा गेलाय, दुसऱ्याने अंधुकच दिसतं, पण ते मुलाकडून वाचून घेतात, पुरवणीसकट. त्यामुळे या लेखाची एकेक ओळ मी दोन-दोनदा खोडून लिहिते आहे.

सत्त्याण्णव साली आम्ही दोघी एका वर्गात आलो. नाशिकरोडला एका शाळेच्या मागच्या अंगाला तीन खोल्या होत्या, त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणायचे. एक वर्षाचा अभ्यासक्रम, नाव ‘कार्यालय व्यवस्थापन व साहाय्य’. घरी पाहुण्यांनी विचारलं, मुलगी काय करते, की माझी आई ते नाव निम्मं सांगून चहा टाकायला उठायची. बारावीला जेमतेम पास झालेल्या, डिग्रीचा दम नसलेल्या, किंवा घरच्यांना तीन वर्षं थांबायचा दम नसलेल्या अशा आम्ही बावीस जणी. तिथं आम्ही टायपिंग शिकलो, फायली लावायला शिकलो, आवक-जावक नोंदवही ठेवायला शिकलो, साहेबांना भेटायला आलेल्या माणसाला न दुखवता तासभर बसवून कसं ठेवायचं तेही शिकलो. हसणारे पुष्कळ होते. पण त्याच शिक्षणावर आज माझं घर चाललंय, तेव्हा मी काही हसणार नाही.

शिकवायला पाटणकर बाई होत्या. सरकारी कचेरीत उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. त्यांचं म्हणणं, पोहणं पाण्यात शिकायचं आणि कारकुनी कचेरीत. म्हणून त्यांनी मधल्या खोलीत एक नमुना कचेरी थाटली होती. चार टेबलं, दोन टाइपरायटर, दोन फोन. फोनच्या तारा पलीकडच्या खोलीपर्यंतच जायच्या. या कचेरीला आम्ही कंपनी म्हणायचो आणि कंपनीचं नाव होतं ‘शुभारंभ’. शुभारंभ काय बनवते, काय विकते, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिथं फक्त पत्रं लिहिली जात. छापील लेटरहेड होतं, त्यावर पत्ता कॉलेजचाच, आणि बाईंनी हौसेने करून घेतलेला एक गोल रबरी शिक्का होता. बाईंचा आग्रह असा, की सरावाच्या पाकिटावरसुद्धा पत्ता खरा पाहिजे, पिनकोडसकट. खोट्या पत्त्यांनी हात आळशी होतो म्हणायच्या. सरावाची पाकिटं एका ट्रेमध्ये जायची आणि कॉलेजचं खरं टपाल दुसऱ्या ट्रेमध्ये. खऱ्या टपालाला तिकिटं लावून, जावक नंबर टाकून ते नाशिकरोडच्या पोस्टात नेऊन टाकायचं कामही आमच्याकडेच, आठवड्याच्या पाळीने.

मंदा सायखेड्याहून सकाळच्या एसटीने यायची. आप्पांची बागायत होती, गुलाब, गवार, दुधी, माल नाशिकच्या मार्केटला जायचा. खाऊनपिऊन सुखी घर. आप्पांनी तिला शिकायला पाठवलं तेच मुळी गावातल्या चार जणांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून. पण येवल्याचं एक स्थळ आलं होतं. पैठणी विणणारं घर, मुलगा निर्व्यसनी, माणसं सालस. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि हीच मंदाची अडचण होती. आप्पांनी तिला सरळ सांगून टाकलं होतं, ‘परीक्षेपस्तोर मी थांबतो. नोकरी लागली तर नोकरी कर, दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाय. नाय लागली तर येवलं.’ यात जुलूम नव्हता, सौदा रोखठोक होता. मंदाला मात्र नोकरीच हवी होती. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘मला एकदा खुर्चीत बसून कुणाला तरी म्हणायचंय, जरा थांबा. आजवर सगळ्यांसाठी मीच थांबत आले.’

एप्रिलमध्ये बाईंनी नेमणूकपत्राचा धडा घेतला. प्रत्येकीने आपल्या डाव्या हाताला बसलेलीच्या नावाने नेमणूकपत्र तयार करायचं. माझ्या डावीकडे मंदा. मी जीव ओतून पत्र टाइप केलं. ‘आपली कार्यालय सहायक या पदावर निवड झाल्याचे कळविण्यास आनंद होत आहे. आपण दिनांक एक जून रोजी सकाळी दहा वाजता रुजू व्हावे.’ खाली ‘व्यवस्थापक’ म्हणून माझी लांबलचक सही आणि त्यावर तो गोल शिक्का. पाकिटावर मंदाचं नाव, द्वारा आप्पांचं नाव, मुक्काम पोस्ट सायखेडा. त्याच आठवड्यात टपालाची पाळी माझी होती, आणि त्याच आठवड्यात परीक्षेच्या वेळापत्रकाची पत्रं सगळ्यांच्या घरी जायची होती. म्हणजे सायखेड्याच्या एकाच पत्त्याची दोन सारखी पाकिटं दोन ट्रेमध्ये पडलेली होती. मी दहा वेळा कुलूप ओढून बघणारी बाई. त्या दिवशी मात्र ट्रे एकमेकांवर ठेवून मी तिकिटं लावत बसले आणि नको ते पाकीट उचललं. वेळापत्रक सरावाच्या ट्रेमध्ये राहिलं आणि नेमणूकपत्र पोस्टात गेलं.

सोमवारी मंदा पेढ्यांचा पुडा घेऊन आली. वर्गात वाटले नाहीत, मला जिन्याखाली नेलं. ‘घरी पत्र आलं,’ ती म्हणाली. ‘आप्पांनी मारुतीला नारळ फोडला. गल्लीत पेढे वाटले. अन् येवल्याला निरोप धाडला, की दोन वर्षं थांबत असाल तर ठीक, नायतर राम राम.’ मी म्हटलं, ‘मी येते सायखेड्याला. पाया पडते आप्पांच्या. चूक माझी आहे, मी सांगते.’ तिने पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधला. मग म्हणाली, ‘थांब जरा. तारीख जूनची हाय ना? दीड महिना हाय अजून. तोवर खरी मिळवू. मिळाली की कंपनी बदलली म्हणून सांगीन.’ मी म्हटलं, ‘आणि नाही मिळाली तर?’ त्यावर ती म्हणाली, ‘तर आप्पांचं हसं होईल गावात. माझं काय नाय गं, त्यांचं.’

आणि त्याच आठवड्यात आप्पा स्वतः आले. धोतर, पांढरी टोपी, हातात गवारीची पिशवी आणि गुलाबांची एक मोठी जुडी. कॉलेज त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लेटरहेडवरचा पत्ता विचारत विचारत ते थेट नमुना कचेरीत येऊन उभे राहिले. बाई नेमक्या बाहेर गेलेल्या. आम्ही पाच-सहा जणी आत सराव करत होतो. दोन टाइपरायटर खडखडत होते, फोन वाजत होता, मंदा फोनवर ‘नमस्कार, शुभारंभ’ म्हणत होती. आप्पा दारातच थबकले. त्यांनी चपला बाहेर काढल्या. ‘साहेब हायेत का? जरा भेटून आभार मानावं म्हणलं.’ मंदाच्या हातातला फोन तसाच राहिला. शेवटी मीच उठले, कारण साहेबांची सही माझी होती. ‘साहेब मीटिंगला गेलेत, बसा ना काका. मंदा जूनच्या आधी इथं सराव करते आहे,’ असं म्हणून मी त्यांना खुर्ची दिली आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाणी आणून दिलं. ते दहा मिनिटं बसले. टाइपरायटरला बोट लावून बघितलं. जाताना मला म्हणाले, ‘पोरी, आमच्या मंदीला सांभाळून घे. गावाकडची हाय, बोलायला बुजती.’ त्या गवारीची भाजी आईने केली. मी वरणभात खाऊन उठले.

मग अर्जांचं सत्र सुरू झालं. मंदा टाइप करायची, मी पेपरातल्या जाहिराती कापून आणायची. तिने प्रत्येक अर्जाला जावक नंबर दिला होता. सातपूरला गेलो, कॉलेज रोडला एका वकिलांकडे गेलो, चांदवडला एका कांद्याच्या व्यापाऱ्याला पत्रव्यवहाराला माणूस हवं होतं तिथंही ती एसटीने जाऊन आली. त्याने काम बघितलं, पसंतही केलं, आणि मग बाईमाणूस नको म्हणाला. अंबडच्या एका कारखान्यात आम्ही दोघी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो. तिथंही मंदाचं झालं नाही. मुलाखतीत कोणी वर मान करून बघितलं की तिचं ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं आणि समोरचा हसायचा. परीक्षा झाली, निकालात ती वर्गात पहिली आली, मे महिना संपत आला. मी रोज सकाळी उठून भिंतीवरचं कॅलेंडर आधी बघायची आणि मग तोंड धुवायची.

एक जून उजाडला आणि मंदा सायखेड्याहून निघाली. नोकरी नव्हती. आईने, म्हणजे माईने, भाकरी बांधून दिली होती, आप्पा स्टँडपर्यंत सोडायला आले होते. ती कॉलेजात आली आणि पाटणकर बाईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं. जावक नंबर चुकला तर वही फेकणाऱ्या त्या बाई. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘दहाला पाच कमी आहेत. वेळेवर आलीस ना? मग हजेरीवर सही कर.’ सुट्टीचे दिवस होते. बाई प्रवेशाच्या कामासाठी अकरापर्यंत थांबायच्या आणि किल्ली तिच्याकडे देऊन जायच्या. त्यानंतर पाच वाजेपर्यंत मंदा शुभारंभमध्ये कामाला. तेरा दिवस. तिने चार वर्षांच्या फायली नव्याने लावल्या, मोडकी कपाटं पुसली, चौकशीला येणाऱ्या मुलींना माहिती दिली. संध्याकाळी परत गेली की आप्पा विचारायचे, आज काय काम केलं? आणि ती खरंच केलेलं काम सांगायची. त्यात एक अक्षर खोटं नसायचं, हे तिने मला पुढं कितीतरी वेळा ऐकवलं.

तेराव्या दिवशी एक डॉक्टर आपल्या पुतणीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले. त्यांना काय कागद हवे होते ते मंदाने न उठता, मागं हात करून कपाटातून काढून दिले. त्यांनी विचारलं, ‘या फायली कोणी लावल्या?’ त्यांच्या दवाखान्यात पेशंटचे जुने कागद सापडत नव्हते. दुसऱ्या दिवशी मंदा तिथं रुजू झाली, ती शेवटच्या दिवसापर्यंत तिथंच होती. रेकॉर्डची खोली तिने उभी केली. तीन वर्षांनी तिच्या पसंतीने लग्न झालं. मी एकदा माझ्या आईला घेऊन तिथं गेले होते. मंदा काचेमागून मान वर करून म्हणाली, ‘जरा थांबा,’ आणि माझ्याकडे बघून अशी हसली, की मागच्या रांगेतल्या बायांना वाटलं, ही बाई आपल्यालाच हसतेय.

आप्पांना सांगायचं मात्र राहून गेलं. नोकरी लागल्यावर कंपनी बदलली असं ती म्हणाली, आप्पांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी ते पत्रच खरं. ते त्यांनी काचेच्या चौकटीत लावलं, गावातल्या प्रत्येक लग्नात त्याची गोष्ट सांगितली. ‘आमच्या मंदीला घरबसल्या पत्र आलं. वशिला नाय, काय नाय.’ मंदा दर दिवाळीला म्हणायची, ‘यंदा सांगू.’ मग म्हणायची, ‘जाऊ दे, संक्रांतीला सांगू, तिळगूळ खाऊन.’ मला तिचा राग यायचा. स्वतः निवांत आणि घोर मला! मी तिला एकदा चिडून म्हटलं, ‘तू सांगणार नाहीस, आणि मग एक दिवस मलाच सांगावं लागेल.’ माझ्या जिभेला हाड नाही. हे मी असं का बोलले, याचा विचार मी गेले सहा आठवडे करते आहे.

दहाव्याला सायखेड्याला गोदेच्या काठावर आप्पा मला शोधत आले. हात धरून म्हणाले, ‘तू होतीस ना गं तिथं, तिच्या पहिल्या हापिसात?’ आणि जमलेल्या चार पाहुण्यांना त्यांनी पत्राची गोष्ट पुन्हा सांगितली, सगळी, शिक्क्यासकट. मी ‘हो’ म्हणत राहिले. नदीकडे बघत राहिले. त्या दिवशी ठरवलं, की लिहीन तर आप्पांना आधी वाचून दाखवीन, नाहीतर लिहिणारच नाही.

इथवर लिहून मी गेल्या रविवारी सायखेड्याला गेले. आप्पा शेडमध्ये बसून गुलाबाच्या जुड्या बांधत होते. नीट दिसत नाही, पण हाताला सवय आहे. मी म्हटलं, ‘मंदावर लिहिलंय, वाचून दाखवू?’ ते म्हणाले, ‘वाच.’ नेमणूकपत्राची ओळ आली तेव्हा त्यांचे हात थांबले. मी थांबले. ‘पुढं वाच,’ ते म्हणाले. मी शेवटपर्यंत वाचलं. शेजारच्या वाफ्यात पाणी सोडलं होतं, तेवढा आवाज येत होता.

‘म्हणजे साहेब मीटिंगला गेला नव्हता,’ आप्पा म्हणाले.

‘साहेब मीच होते, आप्पा.’

ते हसले का, मला कळलं नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी झालं. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी हाताने थांबवलं. मला वाटलं, आता येवल्याचं विचारतील, गावातल्या पेढ्यांचं विचारतील, फसवल्याचं विचारतील. मी सगळ्याची उत्तरं पाठ करून गेले होते.

‘माई रोज भाकर बांधून द्यायची तिला,’ ते म्हणाले. ‘तेरा दिवस. ती भाकर कुठं बसून खायची पोर?’

‘तिथंच. कचेरीत. टेबलावर पेपर अंथरून.’

‘संगती कोण असायचं?’

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. बाई होत्या, असं म्हणता आलं असतं. म्हातारा माणूस, लेक गेलेली, काय बिघडलं असतं? तोंडापर्यंत आलंही होतं.

‘कोणी नसायचं, आप्पा. एकटी खायची. अंबडला आम्ही दोघी गेलो होतो ना, ती जागा मला मिळाली. एक जूनला ती कॉलेजात गेली आणि मी तिथं रुजू झाले. तेरा दिवसांत मी एकदाही तिच्याकडे गेले नाही. अर्धी रजा टाकून जाता आलं असतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.’ मग मला रडू आवरेना. ‘तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, कधीच. तू का आली नाहीस म्हणून.’

आप्पांनी जुडी खाली ठेवली. माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

‘हे नाय वाचलं तू.’

‘लिहिलं नव्हतं.’

‘तिचं समदं लिहिलंस,’ ते म्हणाले. ‘आता तुझं बी लिही. अन् मग दे छापाया.’